जे. कृष्णमूर्ती : दोन आक्षेप



मुंबईतील हिवाळ्याच्या संध्याकाळी जे. जे. कलाशाळेच्या आवारात, झाडांच्या सावलीत, मोठा समुदाय जमिनीवर बसलेला असे. ठरल्या वेळी एक कृश, शुभ्रवस्त्रधारी वृद्ध गृहस्थ येत, छोट्याशा व्यासपीठावर मांडी घालून बसत, क्षणभर समोरच्या माणसांकडे निरखून पाहत आणि हाती कागदाचा चिटोराही न घेता बोलू लागत. प्रारंभी प्रार्थना नसे, शेवटी आरती नसे, प्रसादही नसे. भय म्हणजे काय, विचार कसा चालतो, माणूस दुःखाला का कवटाळून बसतो, याविषयी ते तासभर इंग्रजीत बोलत आणि उठून जात. हे गृहस्थ म्हणजे जिद्दू कृष्णमूर्ती. मे १८९५ मध्ये आंध्रातील मदनपल्ली येथे त्यांचा जन्म झाला आणि १७ फेब्रुवारी १९८६ रोजी कॅलिफोर्नियातील ओहाय येथे, नव्वदाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे शेवटचे जाहीर भाषण त्याच वर्षी ४ जानेवारीला मद्रासला झाले. म्हणजे मृत्यूपूर्वी अवघे सहा आठवडे हा मनुष्य व्यासपीठावर होता.

एवढी दीर्घ वाटचाल ज्याच्या वाट्याला आली त्याच्यावर टीका व्हावी यात नवल नाही. कृष्णमूर्तींच्या जीवनावर अनेक बाजूंनी आक्षेप घेण्यात आले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने त्यांच्या खासगी आयुष्याविषयीही कठोर प्रश्न उपस्थित केले आणि ते प्रश्न गंभीर आहेत. परंतु आजच्या भाषणाचा विषय तो नव्हे. सुशिक्षित मराठी घरांतून, वाचनालयांच्या पायऱ्यांवर आणि शिक्षकांच्या खोल्यांतून जे दोन आक्षेप वारंवार कानी पडतात, त्यांचाच येथे विचार करावयाचा आहे. पहिला असा की, हे गृहस्थ साठ वर्षे तेच ते बोलत राहिले. दुसरा असा की, सत्याला संघटना नको म्हणणाऱ्या या माणसाच्या भोवती न्यास, शाळा, जमिनी, पुस्तकांची विक्री आणि अखेर कोर्टकचेरी हा सारा व्यवहार उभा राहिला. तेव्हा हाही एक धंदाच नव्हे काय?

हे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. आपल्या समाजात बुवाबाजीने जे घाव घातले आहेत ते पाहता, अध्यात्माच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाचा हिशेब मागणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. प्रश्न इतकाच की, मागितलेला हिशेब आपण नीट वाचतो की वहीचे पुठ्ठे पाहूनच निकाल देतो.

प्रथम पुनरुक्तीचा आक्षेप घेऊ. तो वस्तुस्थितीला धरून आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. कृष्णमूर्तींची कोणत्याही दशकातील भाषणे काढून वाचावीत. भय, सत्ता, आसक्ती, काळ, मृत्यू, पाहणारा आणि पाहिले जाणारे यांतील भेद, हेच विषय पुन्हा पुन्हा समोर येतात. स्वित्झर्लंडमधील सानेन येथे १९६१ ते १९८५ अशी सलग पंचवीस वर्षे दर उन्हाळ्यात त्यांची व्याख्यानमाला भरली. तिच्यात दरवर्षी हजेरी लावणाऱ्यांना पुढचे वळण कोणते येणार हे आधीच ठाऊक असे.

आक्षेपकाच्या हाती याहूनही धारदार शस्त्र आहे. मंत्रजपाची जितकी थट्टा कृष्णमूर्तींनी केली तितकी क्वचितच कोणी केली असेल. एखादा पवित्र शब्द घोकून मन शांत होत असेल, तर एखाद्या शीतपेयाचे नाव घोकूनही ते तसेच शांत होईल, अशा अर्थाचे ते बोलत. पुनरावृत्तीने मन बधिर होते, हा त्यांचा सिद्धांत होता. मग ज्याने दुसऱ्याच्या माळेतील मणी मोजण्याला हसावे, त्याने स्वतः साठ वर्षे तीच माळ ओढावी, हा विरोधाभास नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर देताना घाई करून चालणार नाही. नामस्मरण करणारा वारकरी, किंवा गोव्यातील ख्रिस्ती घरात संध्याकाळी गुडघे टेकून तेर्स म्हणणारे कुटुंब, यांना कृष्णमूर्तींची ती थट्टा मान्य होण्याचे कारण नाही. त्या पुनरावृत्तीत मन बधिर होत नाही, ते एका ठिकाणी स्थिर होते, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, आणि या बाबतीत कृष्णमूर्तींचा निवाडा एकांगी होता असेच म्हणावे लागेल. बचाव करावयाचा म्हणून अशिलाची प्रत्येक चूक झाकलीच पाहिजे, असे नाही.

परंतु त्यांच्या स्वतःच्या पुनरुक्तीची जात निराळी होती. जप करणारा शब्द धरून ठेवतो, कारण तो शब्दच त्याचा आधार असतो. शिक्षक विषय पुन्हा सांगतो, कारण समोरचा विद्यार्थी नवा असतो, किंवा जुना असूनही त्याला तो समजलेला नसतो. दरवर्षी जून महिन्यात त्याच फळ्यावर तोच त्रैराशिकाचा धडा लिहिणाऱ्या मास्तरांना कोणी म्हणत नाही की, तुमच्याजवळ सांगायला नवे काही उरले नाही. ज्या दिवशी मास्तर मुलांच्या चेहऱ्याकडे न पाहता मागच्या वर्षीची टिपणे वाचून दाखवू लागतात, त्या दिवशी मात्र तक्रार योग्य ठरते. पुनरुक्तीचा खरा दोष तोच सिद्धांत पुन्हा मांडण्यात नसून तो न पाहता मांडण्यात आहे.

संगीताचे उदाहरण अधिक बोलके ठरेल. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, धारवाड, बडोदे या गावांतील रसिकांना ते नव्याने सांगावयास नको. एखादा थोर गवई चाळीस वर्षे यमन गातो. स्वर तेच असतात आणि बंदिशही पुष्कळदा तीच असते. तरीही जाणता श्रोता पुन्हा जातो, कारण गवई राग पाठ म्हणून दाखवीत नाही. त्या संध्याकाळी तो राग पुन्हा शोधीत असतो. जेथे शोध थांबतो तेथे जाणकार हळूच उठून जातात. कृष्णमूर्तींची भाषणे ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली त्यांपैकी पुष्कळांनी हाच अनुभव नमूद केला आहे. वाक्य ओळखीचे असे. पण ते उच्चारण्यापूर्वीची थांबलेली घटका ओळखीची नसे. छापील पुस्तकात ती घटका उतरत नाही. म्हणूनच त्यांची पाच पुस्तके एकामागून एक वाचणाऱ्यास कंटाळा आला, तर त्याला दोष देता येत नाही. प्रत्येक भाषण प्रारंभापासून प्रारंभ करते, आणि संग्रहात ओळीने मांडलेले वीस प्रारंभ वाचणे कोणासही जड जाईल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नवे बोलण्याची सोय कृष्णमूर्तींपाशी होती, आणि तीही अत्यंत मोहक होती. १९०९ साली अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफिकल मंडळींच्या दृष्टीस पडलेल्या या मुलाला जगद्गुरूच्या अवताराचे वाहन म्हणून वाढविण्यात आले. १९११ मध्ये त्याच्यासाठी एक जागतिक संघ स्थापन झाला. देशोदेशी त्याचे हजारो सभासद झाले. दीक्षा, गूढ लोक, पूर्वजन्म, पायऱ्यापायऱ्यांनी उलगडणारी रहस्ये, असे एक संपूर्ण भांडार हाताशी होते. ज्याला दरवर्षी नवे सांगून गिऱ्हाईक टिकवावयाचे असते, त्याला यापरते भांडवल कोणते? पहिली पायरी झाली, आता दुसरीसाठी या, असे सांगणाऱ्यांचे पीक आजही जोरात आहे. कृष्णमूर्तींनी ते भांडार मिटवून टाकले आणि पायऱ्याच नाहीत असे सांगितले. पायऱ्या नसल्या की शिकवणाऱ्याजवळ बोलायला एकच गोष्ट उरते. त्यांची पुनरुक्ती ही त्या त्यागाची किंमत होती.

आता दुसऱ्या, अधिक कडू आक्षेपाकडे वळू. तो पैशाचा आहे.

येथेही आधी जे खरे आहे ते मांडले पाहिजे. कृष्णमूर्ती संन्यासी नव्हते. लंडनच्या उत्तम शिंप्याकडील कपडे ते वापरीत, त्यांना चांगल्या मोटारींची आवड होती, आणि आयुष्यभर ते सधन स्नेह्यांच्या घरी राहिले. मिस डॉज नावाच्या एका धनाढ्य अमेरिकन बाईंनी तरुणपणीच त्यांना वर्षाकाठी ५०० पौंडांची तहहयात नेमणूक करून दिली होती. उद्या काय खावे ही चिंता त्यांना कधी शिवली नाही. भाकरीसाठी राबणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितलेल्या चिंतामुक्तीविषयी शंका आली, तर ती शंका न्याय्य आहे. मात्र त्यांनी गरिबीचे व्रत घेतले नव्हते आणि घेतल्याचा आवही आणला नव्हता. आव आणणाऱ्यावर दंभाचा आरोप ठेवता येतो. जो आव आणीत नाही त्याच्यावर फार तर सुखवस्तूपणाचा ठेवता येईल.

पण सुखवस्तूपणा निराळा आणि नफा निराळा. नफा म्हणजे शिकवण विकून स्वतःची मालमत्ता वाढवणे. तो झाला की नाही, हे पाहण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. हाती आलेले सोडण्याची वेळ आली तेव्हा त्या मनुष्याने काय केले? पैसा कोणाच्या नावे जमा झाला? आणि पैसा नाही म्हणून कोणाला दारातून परत जावे लागले काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथील शिबिरात, सुमारे तीन हजार सभासदांसमोर, अ‍ॅनी बेझंट स्वतः उपस्थित असताना, चौतीस वर्षांच्या कृष्णमूर्तींनी स्वतःसाठी उभारलेला तो जागतिक संघ विसर्जित केला. सत्याकडे नेणारा ठराविक मार्ग नसतो आणि म्हणून त्यासाठी संघटनाही उभारता येत नाही, असे त्यांनी सांगितले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. संघाला देणगी म्हणून मिळालेला एर्डेचा किल्ला आणि त्याभोवतालची विस्तीर्ण जमीन मूळ मालकाला परत करण्यात आली. धर्मसंस्थांच्या इतिहासात जमीन मिळाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. मिळालेली जमीन देणाऱ्याला परत केल्याची फार थोडी.

दुसरा प्रश्न. पुस्तकांचा खप मोठा होता यात शंका नाही. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या, ऑल्डस हक्स्ली यांची प्रस्तावना लाभलेल्या त्यांच्या ग्रंथाने पश्चिमेकडील वाचकवर्ग एकदम वाढविला. परंतु १९५८ साली त्यांनी आपल्या झालेल्या व होणाऱ्या सर्व लेखनाचे हक्क त्या वेळच्या न्यासाच्या नावे लिहून दिले. त्यांच्या नावे घर नव्हते, शेत नव्हते. मागे उरल्या त्या संस्था. त्यांत मदनपल्लीजवळची ऋषी व्हॅली, काशीचे राजघाट, इंग्लंडमधील ब्रॉकवुड पार्क आणि ओहायची ओक ग्रोव्ह या शाळा येतात. त्यांच्या पश्चात १९९५ मध्ये पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरनजीक सह्याद्री शाळाही सुरू झाली.

याच ठिकाणी कोर्टाचे प्रकरण येते, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या न्यासाला हक्क दिले त्याचा कारभार राजगोपाल या जुन्या सहकाऱ्याच्या हाती होता. कृष्णमूर्तींनी स्वतः विश्वस्तपद सोडले होते. पुढे हिशेबाविषयी विचारणा करण्याची वेळ आली, त्यांनी पुन्हा विश्वस्त होण्याची इच्छा दर्शविली, आणि ती नाकारण्यात आली. १९६८ साली त्यांनी त्या न्यासाशी जाहीरपणे संबंध तोडले. मग अमेरिकेत दावा उभा राहिला आणि १९७४ मध्ये तडजोड झाली. पण कुरबुरी त्यापुढेही पुष्कळ वर्षे चालू राहिल्या. आक्षेपक विचारतात, संघर्षाचे मूळ मनात शोधा म्हणून सांगणाऱ्याने वकील का करावा?

त्याचे उत्तर असे. वादातला पैसा कृष्णमूर्तींचा नव्हता. तो देणगीदारांनी एका कार्यासाठी विश्वासाने दिलेला होता. स्वतःचे धन कोणी सोडून दिले तर तो त्याग होय. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेले धन सोडून देणे हा त्याग नव्हे, ती बेपर्वाई आहे. १९२९ मध्ये किल्ला परत करणारा आणि नंतर न्यासाचा हिशेब मागणारा मनुष्य एकच आहे, आणि दोन्ही कृतींमागे तत्त्वही एकच आहे की, जे ज्याचे आहे ते त्याच्या कामी लागले पाहिजे. दोष द्यावयाचाच तर तो निराळ्या ठिकाणी दिला पाहिजे. कोणाचीही सत्ता डोळे मिटून मानू नका, असे जगाला सांगणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या संस्थेची सारी सत्ता वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या हाती राहू दिली आणि समोर आलेल्या कागदांवर सह्या केल्या. हा लोभ नव्हे, हे दुर्लक्ष होय. पण दुर्लक्षाचीही किंमत इतरांना मोजावी लागते, हे आपल्याकडील प्रत्येक पतपेढीच्या आणि शाळा समितीच्या सभासदाला ठाऊक आहे.

तिसरा प्रश्न प्रवेशाचा. भारतातील त्यांची जाहीर व्याख्याने सर्वांना खुली असत. दीक्षा नव्हती, तेव्हा दीक्षेचे मूल्यही नव्हते. शिष्यच नव्हते, मग गुरुदक्षिणा कोठली? आज त्यांच्या भाषणांचे मजकूर आणि ध्वनिमुद्रणे कोणालाही विनामूल्य पाहता-ऐकता येतात. निवासी शाळांचे शुल्क मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे पूर्ण समाधान करता येत नाही. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऋषी व्हॅलीच्या आसपासच्या खेड्यांतील गरीब मुलांसाठी तेथील शिक्षकांनी एकशिक्षकी शाळा काढल्या. निरनिराळ्या इयत्तांची मुले एकत्र बसून कार्डांच्या साह्याने आपापल्या गतीने शिकतील, अशी पद्धत त्यांनी बसविली. त्याच पद्धतीवरून स्फूर्ती घेऊन १९९५ पासून कर्नाटकातील सरकारी शाळांत ‘नली कली’ हा उपक्रम सुरू झाला. बेळगावच्या बाजूच्या शिक्षकांना हे नाव परिचित असेल. श्रीमंतांच्या म्हणून नावाजलेल्या शाळेच्या कुंपणाबाहेर निघालेली एक कल्पना सरकारी शाळेतील पहिलीच्या वर्गापर्यंत पोचली, ही नोंद जमाखर्चाच्या वहीत जमेच्या बाजूला धरावी लागेल.

दोन्ही आक्षेपांचा विचार झाला. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो आक्षेपकांपेक्षा चाहत्यांनाच अधिक बोचणारा आहे. साठ वर्षे एकच गोष्ट सांगितली; मग ती ऐकून कोणी बदलले काय? १९४२ च्या भूमिगत लढ्यातील अच्युतराव पटवर्धन राजकारण सोडून त्यांच्या शिक्षणकार्याशी निगडित झाले. भूदानासाठी पायपीट केलेल्या विमलाताई ठकारांच्या जीवनाला त्यांच्या भेटीनंतर वेगळे वळण लागले. ही नावे लहान नव्हेत. तथापि खुद्द कृष्णमूर्तींना शेवटच्या आजारात असे वाटत होते की, आपण जे सांगितले ते पुरतेपणी जगून दाखविणारा कोणी निघाला नाही. आणि हे त्यांनी लपविले नाही.

नफा कमावणारा मनुष्य असे कधी बोलत नाही. दुकानदार दुकान बंद करतानाही माल उत्तम होता आणि गिऱ्हाईक संतुष्ट होते, असेच सांगतो. आपल्या वर्गाचा निकाल शून्य लागला असे निवृत्त होताना सांगण्यास शिक्षकच लागतो. या कबुलीने त्यांची शिकवण खरी ठरत नाही, हेही तितकेच स्पष्ट म्हटले पाहिजे. धडा बरोबर की चूक, हे वर्गाच्या निकालावरून ठरत नाही आणि मास्तरांच्या प्रामाणिकपणावरूनही ठरत नाही. ते प्रत्येकाने गणित स्वतः सोडवूनच पाहावयाचे असते.

आणि येथेच या दोन आक्षेपांमागील एक सोय उघड होते. ‘तेच ते बोलतात’ आणि ‘पैसा मिळवतात’ ही दोन वाक्ये उच्चारली की श्रोता मोकळा होतो. मग भय कोठून येते, मत्सर का सुटत नाही, घरात आपण मुलांवर सत्ता का गाजवतो, या प्रश्नांकडे पाहण्याची गरज उरत नाही. एखादा उपदेशक ढोंगी निघाला तर त्याचा निषेध अवश्य व्हावा. हिशेब मागावा, वह्या तपासाव्यात, न्यासाचे विश्वस्त कोण ते विचारावे. परंतु तपासणी संपल्यावर, वही स्वच्छ असो की डागाळलेली, त्याने विचारलेला प्रश्न आपल्यापुढे तसाच उभा असतो. त्या वृद्ध गृहस्थांनी तो साठ वर्षे पुन्हा पुन्हा विचारला, कारण समोरून उत्तर येत नव्हते.